शेंगदाण्यांचा पगार

मंडळी, आज सासूबाईंना मानलं बुवा!

संध्याकाळी लेकीचा पहिला पगार आला. आकडा बघून तिने मोबाईल सोफ्यावर आपटला. "यार, पीनट्स देते हैं! सोडतेच ही नोकरी."

खिचडीसाठी दाणे भाजणाऱ्या सासूबाईंनी मला विचारलं, "काय देतात म्हणते?"

"शेंगदाणे. इंग्रजीत म्हणजे अगदीच फुटकळ पैसे."

"फुटकळ? दाण्याच्या कुटाशिवाय आपल्याकडे काय शिजतं गं?"

लेकीला हसू फुटलं. ती उठली आणि जवाहर चौकातून किलोभर दाणे घेऊन आली. "आजी, हा माझा पगार!"

सासूबाईंनी पुडा देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं.

आत्ता लेक सांगून गेली, "मम्मा, उद्या लवकर उठव, ऑफिस आहे."

हा वाक्प्रचार काढणाऱ्यांच्या घरी दाण्याचं कूट नसणार. तुम्हाला काय वाटतं?