एक वीत आणि दोन बोटं

सोमाजी मामा डोंग्यात बसण्याआधी डोंगा मोजत. घाटावरची सगळी माणसं बसून झाली, सायकली चढल्या, कोंबड्यांच्या टोपल्या मांडल्या गेल्या की ते डोक्यावरचं कापडाचं गाठोडं रेतीवर ठेवत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचत आणि पाण्यात उतरत. डोंग्याच्या अंगाला हात लावत. अंगठा पाण्याला टेकवायचा आणि करंगळी ताणून वर न्यायची. करंगळीच्या वर लाकूड उरलं तर मामा गाठोडं उचलत. करंगळी कडेच्या वर निघाली तर तिथंच उभे राहून म्हणत, "दोन झनं उतरा. नाहीतर मी रायतो, तुमी जा."

लोक हसत. "मामा, लुगडं मोजून राहिले का?"

"लुगडं कमी पडलं तं बाई शिव्या देते," मामा म्हणत. "हे कमी पडलं तं शिव्या द्याले कोनी उरत नाही."

थोड्या वेळाने कुरकुरत दोघंजण उतरत आणि मगच डोंगा निघे.

ते माझे सख्खे मामा नव्हते. आमच्या शेजारच्या गावचे, पण साऱ्या घाटाचेच मामा होते. लुगडी, धोतरं, खणाचे तुकडे यांचं गाठोडं घेऊन ते बाजार करत. मोहाडी, सिहोरा, कधी पार लाखांदूरपर्यंत. त्यामुळे वैनगंगेवरचा बहुतेक प्रत्येक घाट त्यांनी कधी ना कधी पार केलेला. इतर माणसं जशी बैलांबद्दल बोलतात तसे मामा घाटांबद्दल बोलत. अमक्या घाटाचा डोंगा चांगला, पण डोंगेवाला दुपारनंतर पिऊन असतो. तमक्या घाटावर चहा चांगला मिळतो, म्हणून लोक डोंग्याकडे पाहतच नाहीत. घाटाचा ठेका घेणाऱ्यांबद्दल त्यांचं मत सहसा बदलत नसे. "ठेकेदार काठावर बसते, पोरी. काठावरून डोंग्यातली जागा दिसत नाही, उभे असलेले मानसंच दिसते." आणि बाजाराच्या दिवशी तर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "डोंगा भरला असं डोंगेवाला कधी म्हनत नाही. नदीले म्हना लागते."

मला मात्र नदीची लहानपणापासून भीती वाटते. हे लिहायला संकोच वाटतो, कारण मी नदीकाठची मुलगी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कॉलेज भंडाऱ्याला. त्यासाठी आधी डोंग्याने वैनगंगा पार करायची, मग चालत मोहाडीच्या रस्त्याला लागायचं आणि तिथे एस्टी धरायची. उन्हाळ्यात नदी आटली की रेतीतून आणि गुडघाभर पाण्यातून जाता येई. बाकीचे महिने डोंगा. नाव घातलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "सोमाजीदादानं हात लावला तं बसजो. नाही लावला तं घरी वापस येजो." मामांच्या हातावर माझं कॉलेज सुरू झालं, असं म्हटलं तर ते खरंच आहे.

डोंग्यात मी मामांच्या शेजारी बसायचे आणि पुस्तकांची पिशवी पोटाशी धरून डोळे मिटून घ्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "डोरे काहून मिटते?"

"भेव लागते, मामा."

"मंग उघडे ठेव. भेवाले काम द्या लागते. रिकामं बसलं का ते मानसालेच खाते."

त्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा घाटाचा ठेका नव्या माणसाकडे गेला. डोंग्याला आतून-बाहेरून काळंभोर डांबर फासलेलं पाहून मामा खूश झाले. "या ठेकेदाराले अक्कल हाय," असं ते चार लोकांत बोलले. मोहाडीच्या बाजाराचा दिवस होता. मी कॉलेजातून परतत होते आणि मामाही. ऊन अजून होतं. डोंग्यात नेहमीपेक्षा जास्त माणसं दिसली, दोन शेळ्या होत्या, कडेला तांदळाची पोती लावलेली. मला वाटलं, आज मामा चौघांना तरी उतरवतील. त्यांनी पाण्यात उतरून हात लावला. करंगळीच्या वर चांगलं बोटभर लाकूड होतं. त्यांनी पुन्हा एकदा हात लावला. मग म्हणाले, "चला." मामा चला म्हणाले म्हणून मागे थांबलेले आणखी तिघंही चढले.

मधल्या धारेत माझा पाय ओला झाला. कुणाचं तरी मडकं सांडलं असेल असं आधी वाटलं. मग पोत्यामागून पाण्याची एक सरळ रेघ खाली येताना दिसली. डोंगेवाला लहानू वल्हं मारायचा थांबला होता आणि त्याच रेघेकडे पाहत होता. कुणीतरी ओरडत उभं राहिलं आणि डोंगा एका अंगाला कलला. माझ्या शेजारच्या बाईने तिचं लेकरू माझ्या मांडीवर टाकलं, का ते तिलाही माहीत नसेल.

"बसा!" मामा ओरडले. "उभे राहाल तं सबन जाऊ!"

त्यांनी पोती बाजूला ढकलली. डोंग्याच्या मूळ कडेवर नवी फळी ठोकलेली होती आणि सांधा डांबराखाली झाकलेला होता. लाट आली की त्या सांध्यातून पाणी आत येत होतं. मामांनी हात फिरवला आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. "फळी ठोकली रे ठेकेदारानं," ते म्हणाले. "माह्या हातापुरती फळी ठोकली."

मग त्यांनी दातांनी गाठोड्याची गाठ सोडली. कोऱ्या घडीचं हिरवं लुगडं ओढलं आणि अंगठ्याने सांध्यात दाबायला लागले. दोनदा सांधाच चुकला. "ठोस, पोरी! पाहून काय राहिली? ठोस!" लेकरू मी त्याच्या आईकडे दिलं आणि ठोसायला लागले. आम्ही सगळ्या बाया लुगडी ठोसत होतो, माणसं लोट्याने, टोपलीने, कुणी टोपीने पाणी उपसत होती. शेळ्या ओरडत होत्या. मी काठाकडे पाहिलं तर आमचे बाबा तिथे उभे. मला घ्यायला आले होते आणि सगळं पाहत होते. डोंगा जवळ येताच ते छातीभर पाण्यात आले आणि त्यांनी कड धरली.

कुणी बुडालं नाही. रेतीवर बसून लहानू रडत होता. "मामा, मी चाकर मानूस. ठेकेदार म्हने, बुढ्याची वीत भरली पाहिजे, मंग कितीबी बसव." मामा सांध्यातून ओली लुगडी एकेक करून ओढून काढत होते.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "कॉलेज झालं आता." खरं सांगायचं तर ऐकून मला आधी बरं वाटलं. परत नदीवर जावं लागणार नाही, एवढंच मनात आलं. रडू नंतर आलं, ओली पुस्तकं अंगणात वाळत घालताना.

काही दिवसांनी मामा आमच्याकडे आले. आईने खाट पुढे केली, पण ते जमिनीवरच बसले.

"दादा, तुमच्या हातावर भरोसा ठेवून पोरगी पाठवली," बाबा म्हणाले.

"मनूनच आलो, भाऊ. आता कोनालेच माह्या हातावर पाठवू नोको. सबन घाटाले माहा हात मालूम झाला. जो हात मालूम झाला त्याले फसवाले एक फळी पुरते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हिच्या हातावर पाठव. हिचा हात कोनी वळखत नाही."

"ते पोरगी काय मोजते!"

"तुले उठता-बसता भेते म्हनून सांगत रायते ना? मंग तेच पोरगी मोजन. न भेनारा मोजतच नाही."

त्यांनी मला धानाच्या कोठीजवळ नेलं. माझा हात ताणून मातीच्या भिंतीवर ठेवला, शेजारी आपला ठेवला. माझी करंगळी त्यांच्या करंगळीच्या बरीच खाली राहिली. उरलेल्या जागेत त्यांनी आपली दोन बोटं आडवी ठेवली. "तुही वीत लहान हाय. वरून दोन बोटं अजून घेजो. अन् आंधी आतून हात फिरवजो. सांधा लागला तं सांध्यापर्यंतच मोजजो, वरचं लाकूड झूठं."

"मले भेव लागते, मामा."

"मले नाही लागत का? पोहता कुठं येते मले!"

सारा जन्म नदीवर गेलेल्या माणसाला पोहता येत नव्हतं, आणि हे आजवर कुणाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाच मला घेऊन घाटावर आले. फळी तोवर निघाली होती. ठेकेदाराने काढली की लहानूने, ते कधी कळलं नाही. मी पाण्यात उतरले, आतून हात फिरवला, बाहेरून मोजलं. लाकूड कमी पडत होतं. मी काहीतरी पुटपुटले, ते मलाच ऐकू आलं नसेल. मागे वळून पाहिलं. मामा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. कुणी उतरेना, तेव्हा मी मामांच्या गाठोड्याशेजारी रेतीवर जाऊन बसले. मामा माझ्या शेजारी बसले. बाबांना कुठे जायचं नव्हतं, तरी तेही बसले. आम्हा तिघांना असं बसलेलं पाहून डोंग्यातली एक म्हातारी म्हणाली, "उतरा रे कोनी तं. मले हे लक्षन बरं नाही दिसत." मग दोघं उतरले.

त्यानंतर मामांनी कधी डोंगा मोजला नाही. कुणी म्हटलं, "मामा, लावा ना हात," तर म्हणत, "आपला आपला हात आना." आधी लोकांना राग आला. हळूहळू दुसरेही पाण्यात उतरून हात लावायला लागले, आपापल्या बोटांचा हिशोब करायला लागले. माझी भीती काही गेली नाही. पण मी डोळे उघडे ठेवून बसायला लागले.

या माघात मामा गेले. नदीने नाही, तापाने. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले तेव्हा घाटावर त्यांच्या गावची माणसं जमली होती. अस्थी मधल्या धारेत सोडायच्या होत्या. लाल कापडात बांधलेलं मडकं मांडीवर घेऊन मामांचा मुलगा डोंग्यात बसला होता. त्याच्या मागे एकेक करून सगळेच बसत गेले. भाऊ, पुतणे, बाजारातले सोबती. कुणाला नाही कसं म्हणायचं? लहानूने वल्हं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पाण्यात उतरले. आतून हात फिरवला. मग अंगठा पाण्याला टेकवला. करंगळी कडेच्या वर निघाली, दोन बोटांची तर गोष्टच नाही. अशा वेळी असं काही बोलतात का, हे मला माहीत नव्हतं, विचारायला मामाही नव्हते.

"चौघं उतरा," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हटलं.

"आजच्या दिवशी बी?" कुणीतरी म्हणालं.

मामांच्या मुलाने मांडीवरच्या मडक्याकडे पाहिलं. "माहा बाप बसला नसता याच्यात," तो म्हणाला. "उतरा."

चौघं उतरले, मग स्वतःहून आणखी एक. डोंगा वर आला. मी पुन्हा मोजलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर आडवी ठेवली. त्यांच्याही वर थोडं लाकूड उरलं. डोंगा निघाला. तो परत येईपर्यंत मी गुडघाभर पाण्यात उभी राहून पाहत होते.