जर्मनीत म्हटलेलं 'नको'

जर्मनीतल्या त्या लहानशा गावात आमचं दुपारचं जेवण झाडाखालच्या लांब बाकांवर व्हायचं. आर्किटेक्चर कॉलेजची आम्ही पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या एका जुन्या चर्चच्या पडक्या भिंती मोजायला आणि कागदावर उतरवायला गेलो होतो. सोबत आमचे एक सर. काम शिकवणाऱ्या बाई तिथल्याच, साठीच्या, बोलायला तुटक पण कामाला वाघीण.

आमच्यात माझा हात सगळ्यात चांगला होता. हे आता मी सरळ सांगते, उगाच लाजत नाही. वसईच्या किल्ल्यात रविवार-रविवार बसून मी भिंती रेखाटायला शिकले होते, कारण बोळिंजच्या आमच्या दोन खोल्यांत मोठा कागद पसरायला जागा होती कुठे? बाई माझ्या कागदापाशी थांबायच्या, चष्मा कपाळावर सरकवून बघायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. इतरांच्या कागदापाशी मात्र बोलायच्या, आणि बरंच बोलायच्या.

त्या दिवशी जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं. एका विद्यार्थ्याला वर्षभर ठेवून घ्यायची सोय त्यांच्याकडे होती. राहणं, खाणं, शिकणं, सगळं. "तू राहशील?"

राहायचं होतं मला! आयुष्यात तोवर दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. आणि तोंडातून काय निघावं? "नको नको, उगाच तुम्हाला त्रास."

आता हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळेल. चहा विचारला की आधी नको म्हणायचं, मग 'अहो, आत्ताच झाला' म्हणायचं, आणि समोरचा 'घ्या हो अर्धा कप' म्हणाला की घ्यायचा. पहिल्यांदा विचारल्यावरच हात पुढे केला तर आई तिथल्या तिथे चिमटा काढायची. आमचं कोकणातलं घराणं. भुकेनं जीव गेला तरी चालेल, पण हावरट दिसायचं नाही.

मी पुढच्या आग्रहाची वाट बघत बसले. बाई म्हणाल्या, "बरं." आणि पाव मोडता मोडता माझ्या शेजारी बसलेल्या मुलीकडे वळल्या. ती वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत राहणारी माझी मैत्रीण, कॉलेजला रोज माझ्याबरोबर. तिनं तोंडातला घाससुद्धा गिळला नाही. "येस!" म्हणाली. झालं, संपलं. बटाट्याचं भांडं पुढे सरकलं.

समोर सर बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच ताटात मान घातली. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, 'बाई, ती लाजतेय, पुन्हा विचारा.' मेल्याच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. "सर, मला राहायचंय हो. मी आपलं म्हणायचं म्हणून नको म्हटलं."

"अगं, मग तेव्हाच बोलायचं ना! आता मागायला जाणं बरं दिसतं का?"

बरं दिसतं का! इथेही तेच!

शेवटी लाज गुंडाळून मीच बाईंकडे गेले. त्या हत्यारं पुसत होत्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना सगळं सांगितलं, अगदी चहाचंसुद्धा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तुला विचारलं, तू नाही म्हणालीस. ती हो म्हणाली. आता तिचं काढून तुला देऊ?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यामुळे त्यांना शिव्या घालायचीही सोय उरली नाही.

घरी येऊन आईला हे सांगितलं, तर तिला माझा अभिमानच वाटला. जिन्यात शेजारच्या काकूंना सांगत सुटली, "एवढं विचारलं हो त्यांनी, पण आमची नाही हुरळून गेली." मी आतून ऐकत होते. डोकं नुसतं भणभणत होतं.

त्याच आठवड्यात मैत्रिणीची आई पेढे घेऊन आली. "लेक राहिली ना तिकडे वर्षभर! घे गं." आईनं सवयीनं मला डोळ्यांनी दटावलं. मी अख्खा पुडाच ओढून घेतला. एक पेढा तोंडात, तो गिळायच्या आत दुसरा, मग तिसरा.

"अगं, काय हे!" आई ओरडली. "जनाची नाही तर मनाची तरी..."

"एकदाच विचारतात, आई! एकदाच!" भरल्या तोंडानं मी बोंबलले, आणि मग रडू आवरेना.

मैत्रिणीच्या आईचेही डोळे भरून आले. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या आईला म्हणाल्या, "बघा हो, मैत्रिणीचं भलं झालं म्हणून रडतेय पोर."