इंजिनाच्या पोटातली ठकठक

हनुमंत मिस्त्री आवाजावरून इंजिनाचा रोग सांगायचे. लातुरात औसा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज. जुन्या फियाट, अँबॅसिडर, जीप त्यांच्याकडं पार नांदेडहून यायच्या. पुढं त्या गाड्याच रस्त्यावरून नाहीशा झाल्या आणि मिस्त्री मोटरसायकलींच्या चेन आवळत बसले.

म्हणून मालविकाताईंनी वडिलांची फियाट ओढून आणली तेव्हा त्यांना हुरूप आला. मालविकाताई क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायच्या. वडील गेल्यापासून गाडी बंद होती. "काका, मला ती विकायची नाही. चालती करून द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी इंजिन उतरवून पार उघडलं. लेथवाल्याकडून बोअर करून आणलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घातली. सगळं आवळून क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, हातानं फिरवला, तर जड लागला. "नवं काम हाय, आवळ राहणारच," असं म्हणून त्यांनी खालचा ऑइलचा चेंबर लावून टाकला.

गाडी आधी सुरूच होईना. नुसते सायलेन्सरमधून बार निघत होते. प्लगांना ठिणगी पुरवणारा डिस्ट्रिब्युटर एका दात्यानं चुकला होता. तो बसवला तशी ती सुरू झाली आणि मालविकाताईंनी गल्लीभर पेढे वाटले. पण पहिल्याच फेरीत रेडिएटर उकळलं. मिस्त्रींनी ते काढून धुतलं. मग तापल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. त्यांनी दिव्याचं बटण बदललं, ऑइल बदललं. दिवा लुकलुकतच राहिला.

"काका, खालून ठकठक आवाज येतोय," मालविकाताई म्हणाल्या.

"वरच्या टॅपेटचा असंल, ताई."

त्यांनी टॅपेट जुळवले. मालविकाताईंनी मान हलवली, "अजून येतोय."

मिस्त्रींनी लांब पेचकस इंजिनाला टेकवला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. आयुष्यभर त्यांनी असंच ऐकलं होतं. हाताला इंजिनाची थरथर लागली. आवाज मात्र आला नाही. त्यांनी जागा बदलली, दुसरा कान लावला. काही नाही.

कावेरीबाई, त्यांची बायको, दुपारचा डबा घेऊन आली होती. त्यांनी तिला हळूच विचारलं, "तुला काई ऐकू यायलंय का?"

"अवं, उखळात मिरची कुटल्यावानी वाजायलंय की! तुम्हाला खरंच न्हाई येत?"

मिस्त्रींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"घरी तीनदा हाक मारल्याबिगर तुम्ही ओ देत न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, कामाचा इचार करत असताल."

लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं मिस्त्रींना वाटत आलं होतं. डबा तसाच राहिला.

इंजिन पुन्हा उतरलं. चेंबर उघडला तर तळाशी धातूचा चकचकीत कीस. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दोन नंबरच्या रॉडचं झाकण तीनला बसलं होतं आणि तीनचं दोनला. नंबर ठोकलेले स्पष्ट दिसत होते. बेअरिंगं वितळून क्रँकला चिकटली होती आणि क्रँकवर बोट अडकेल असे चरे पडले होते. लेथवाल्यानं मापून पाहिलं आणि म्हणाला, "मिस्त्री, ह्यात आता घासायला काई उरलं न्हाई."

मिस्त्री एसटीनं नांदेडला गेले. भंगाराच्या दुकानांतून लोखंडाचे ढीग उपसत हिंडले. कुणी म्हणालं, फियाटची इंजिनं कधीच भट्टीत गेली. एका दुकानात क्रँक सापडला, तो मधोमध तडकलेला. तरी ते तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. शेवटी दुकानदारच म्हणाला, "चाचा, ठेवा आता."

परतल्यावर त्यांनी मालविकाताईंना बोलावून घेतलं.

"माझीच चूक हाय, ताई. झाकणं अदलाबदल झाली. क्रँक जड लागला तवाच उघडायचं होतं, म्या उघडलं न्हाई. आन् वाजत होतं ते मला ऐकू आलं न्हाई."

मालविकाताई गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्या होत्या. "राहू द्या काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

त्या ओरडल्या असत्या तर मिस्त्रींना सोसलं असतं. ते हातातल्या कापडानं कोरडीच बोटं पुसत राहिले.

कावेरीबाईनं त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी मशीन दिलं. ते घालून मिस्त्रींनी गल्लीतली एक चालू मोटरसायकल ऐकली. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. त्यात कार्बोरेटर कुठला आणि चेन कुठली, त्यांना उमगेना. त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं.

फियाट मालविकाताईंच्या घरी न्यायला टेम्पो आला. इंजिनाचे सुटे भाग मागच्या सीटवर पोत्यात बांधून ठेवले होते. दोर लावल्यावर टेम्पोवाला म्हणाला, "स्टेअरिंगवर कोणतरी बसा."

मिस्त्री बसले. गाडी हलली. चौकात मागून कुणीतरी सारखा हॉर्न देत होता. मशीन खिशातच होतं, मिस्त्री समोरच्या ताणलेल्या दोराकडं बघत होते. त्यांनी गाडी बाजूला घेतली नाही.