सासूबाईंच्या दगडावरची मगर

आज पाच मे. गोधड्या भिजत घातल्या आणि ओल्या कापडाच्या वासाने काही वर्षांपूर्वीची मगर-सफारी आठवली. मुंबईहून आलेल्या नणंदेच्या हौसेखातर आम्ही दासगावजवळ सावित्रीत होडीने फिरत होतो. काठाचा चिखल उन्हात तापला होता. सासूबाई रोज ज्या दगडावर धुणं धुवायच्या, नेमक्या त्याच दगडावर मगर पसरली होती. "आई, उद्यापासून नदीवर जायचं नाही!" नणंद ओरडली. "ती दुपारची येते, मी सकाळची जाते. आमचं कधी भांडण नाय," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले, मला हसू आलं नाही. घरी नळ होता, पण त्यांच्या मैत्रिणी नदीवर यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुण्याचं बोचकं उचललं, तेव्हा मी हुज्जत घातली नाही. लांब काठी घेऊन पाठोपाठ गेले आणि त्यांचं धुणं होईपर्यंत पाण्याकडे बघत उभी राहिले.