विहिणीची वेणी

"बोट जाते काय?" असं म्हणत ती कुठल्याही पोरीच्या मागे येऊन उभी राहायची आणि वेणीच्या मुळाशी करंगळी घालून पाहायची. बोट गेलं तर पाठीवर थाप मिळायची. नाही गेलं तर विचारणं नाही, पुसणं नाही. शाळेच्या फाटकात असो की देवळाच्या पायरीवर, ती तिथल्या तिथे वेणी सोडून टाकायची, रिबीन आमच्या हातात ठेवायची आणि चालती व्हायची. आम्ही झिंज्या सोडून घरी जायचो आणि आईची बोलणी खायचो.

चिमूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचा तेलाचा घाणा होता. नवरा दिवसभर बैलामागे फिरायचा आणि ती दारात बसून तेल मापायची. नात्याने आमच्या भाऊबंदातलीच, पण सगळी गल्ली तिला नुसतं 'बाई' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. गावातल्या सगळ्या पोरींवर तिचा हक्क असतो आणि तो तिला कोणी दिलेला नसतो.

रविवारी सकाळी तिच्या अंगणात आमची रांग लागायची. शिकेकाईने डोकं धुऊन आलेल्या पोरींना ती आधी उन्हात बसवायची. केस पुरते वाळल्याशिवाय फणी लावायची नाही, हा तिचा कायदा. "वले केस बांधशीन तं खालून डोक्स सडन," असं ती इतक्या सहज सांगायची की ऐकणारीला आपलं डोकं आत्ताच सडू लागलंय असं वाटावं. भांग दर आठवड्याला थोडा सरकवायचा, म्हणजे एकाच जागच्या केसांवर ओढ पडत नाही. खपली धरली असेल तिथे निंबोळीचं तेल. रात्री वेणी सोडूनच झोपायचं. उवा निघाल्या तरी ती कोणाला रागवायची नाही. "उवा कोणाले होत नाई? तहसीलदाराच्या बायकोले बी होते," म्हणायची. त्या बायकोचं डोकं हिने कधी पाहिलं, हे विचारायची आमची छाती नव्हती.

आम्हाला या सगळ्याचं हसू यायचं. गल्लीतल्या मोठ्या बायका मात्र हसत नसत, कारण त्यांना गिरजा माहीत होती.

गिरजा तिची एकुलती एक मुलगी. ब्रह्मपुरीकडच्या एका धानवाल्या घरी तिला दिली होती. त्या घरात प्रत्येक सुनेची वेणी सासू स्वतः घालायची. केसांत गंगावनाचे उसने केस मिसळून, कपाळाची कातडी मागे जाईल इतकी घट्ट. आणि ती सुटायची फक्त त्यांच्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. ढिल्या वेणीची सून घर ढिलं करते, असा त्या सासूचा समज होता. गिरजा भाताच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर भिजायची आणि तीच ओली वेणी घेऊन झोपायची. खाली फोड आले, पू झाला. ती "दुखते" म्हणाली की सासूचं उत्तर ठरलेलं होतं, "घरंदाज बाईले दुखत नाई." त्यात नदीला पूर आला, वाटा बंद झाल्या आणि बाजारच भरला नाही. बाजार नाही म्हणून वेणीही सोडली नाही. पाणी ओसरल्यावर कधीतरी बाजार भरला, तेव्हा गंगावनाबरोबर गिरजाचे केसही हातात आले.

असं डोकं झालेली सून त्या घराला नको होती. त्यांनी तिला माहेरी आणून सोडली आणि पुढे पंचांसमोर फारकत घेतली. गिरजा आतल्या खोलीत पदर कपाळाखाली ओढून बसायची. बाई रोज संध्याकाळी तिच्या डोक्याला तेल चोळायची आणि "येतीन, येतीन," म्हणायची. केस काही आले नाहीत.

आणि गिरजाला टाकलेल्या त्याच मुलासाठी, त्याच घरातून, माझ्या चुलत बहिणीला, शांताताईला मागणी आली.

काका हुरळून गेले. बाई आमच्या ओसरीवर आली तेव्हा मी तिथेच अभ्यासाला बसले होते.

"भाऊ, त्या घरी पोरगी देऊ नोको," ती म्हणाली.

"अवं, केसावरून कोणी सोयरीक मोडते काय?" काका म्हणाले. "तुह्या पोरीची तब्येतच नाजूक होती."

बाई जायला वळली. मग म्हणाली, "बरं. तं विहिणीची वेणी मी घालन."

काकांना हायसं वाटलं. आमच्याकडे लग्नाच्या सकाळी मुलीकडच्या बायका वराच्या आईला न्हाऊ घालतात, तिची वेणीफणी करतात आणि मग ओटी भरतात. ते काम बाई मागून घेतेय म्हणजे तिचा राग निवला, असं त्यांनी धरलं. पुरुषांना राग फक्त आवाजात ऐकू येतो.

वैशाखातलं लग्न. मांडवात पाटावर विहीणबाई बसल्या आणि मागे त्यांच्या दोन थोरल्या सुना, दोघींच्या वेण्या चाबकासारख्या ताठ. बाई गंगावन घेऊन पुढे आली.

"ओळखलं काय, विहीणबाई?"

"ओळखलं."

"मंग बसा नीट."

त्या उठू शकत नव्हत्या. मुलीकडचा हात झिडकारणं म्हणजे मुहूर्ताआधीच भांडण. बाईने त्यांना चांगलं घंगाळभर पाण्याने न्हाऊ घातलं आणि केस पिळून ओले असतानाच हातात घेतले. ते पाहून रविवारच्या आम्ही सगळ्या पोरी एकमेकींकडे बघू लागलो. मग तिने वेणी घातली. प्रत्येक पेडाला गुडघ्याचा टेका देऊन ओढ. बोट राहू द्या, त्या वेणीच्या मुळाशी सुई शिरली नसती. शेवटचा गोंडा बांधून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता तुमच्या गावचा बाजार भरन तवाच सोडा. तुमच्या घरची रीत हाय."

विहीणबाईंच्या भुवया अशा वर चढल्या की लग्नभर त्या आमच्या मांडवाकडे आश्चर्याने पाहत आहेत असं वाटत होतं. जेवताना घास चावता येईना. ऊन तापलं तसा आतून घाम आणि खाज. पण दोन्ही सुना डोळ्यांत तेल घालून पाहत होत्या, त्यामुळे डोक्याकडे हात नेण्याची सोय नव्हती. बाई प्रत्येक पंगतीला वाढायला स्वतः जायची.

"विहीणबाई, दुखते काय?"

"नाई."

"घरंदाज बाईले दुखत नाई," असं म्हणून ती पानात भात वाढायची.

खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. मी मुद्दाम पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोरून जात होते. सूड वाईट म्हणतात. म्हणणाऱ्यांनी गिरजाचं डोकं पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बिदाईला बैलबंड्या जुंपल्या. शांताताई रडत आत बसली. विहीणबाईंनी बंडीच्या दांडीला हात घातला, पाय उचलला आणि तशाच खाली मातीत बसल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "दुखून राह्यलं वं. सोड."

सगळं वऱ्हाड भोवती गोळा झालं.

"आज बाजार हाय काय तुमच्या गावचा?" बाईने विचारलं.

विहीणबाईंनी मानेनेच नाही म्हटलं.

"रीत मोडली म्हणा. या पोरीसाठी बी अन् तुमच्या त्या दोघींसाठी बी. सगळ्याइले ऐकू जाऊ द्या."

"मोडली."

"मोठ्यानं."

"मोडली वं माय, रीत मोडली!" त्या ओरडल्या. मागच्या बंडीत बसलेल्या थोरल्या सुनेने तेवढ्यात आपला गोंडा ओढून काढलासुद्धा.

बाई खाली बसली. एकेक पेड सोडला, केस मोकळे केले, बोटांनी हलकेच डोकं चोळलं आणि कनवटीची बाटली काढून निंबोळीचं तेल लावलं. मला विचाराल तर मी तेल लावलं नसतं. पण शांताताई त्या घरात चाळीस वर्षं नांदली आणि तिच्या डोक्याला कधी काही झालं नाही, हे खरं आहे. बाई वारली तेव्हा शांताताई तिकडून बंडी करून आली होती.

त्या दिवशी बंड्या वळणाआड गेल्यावर मी बाईबरोबर तिच्या घरी गेले. गिरजा आतल्या खोलीत होती. बाईने तेलाची वाटी जवळ ओढली आणि मुलीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाट, गंगावन, पंगती, बंडी.

"म्हणली ते. 'दुखते' म्हणली, सगळ्याइसमोर," बाई म्हणाली.

"अन् तू?"

"मंग सोडली म्या."

गिरजाने पदर आणखी खाली ओढला. "बाजारापर्यंत काऊन नाई ठेवली?" तिने विचारलं.

बाईने बोटं तेलात बुडवून तिच्या डोक्याकडे हात नेला. गिरजाने डोकं बाजूला घेतलं. त्यानंतर बाई असेपर्यंत गिरजाने तिच्या हातचं तेल डोक्याला लावून घेतलं नाही.