बाबांच्या हातून हाड मोडत नसे

आमचे बाबा खाटीक, पण त्यांच्या हातून हाड मोडलेलं बाजारात कुणी पाहिलं नव्हतं. सुरी सांध्यात घालून जरा फिरवली की तंगडी अलगद सुटायची. दादा मात्र सत्तूर आपटायचा. "अरे, हात आहे की हातोडा?" बाबा विचारायचे.

ही शिस्त त्यांच्या यहुदी उस्तादांची. उस्ताद सांगायचे, "गुलामीतून सुटकेच्या रात्री आमच्या पूर्वजांनी कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं. ते बघून मृत्यू पुढे गेला, घरातली लेकरं वाचली. त्या कोकराचं एकही हाड मोडायचं नाही, अशी आज्ञा होती." बाबा ख्रिस्ती. ते म्हणायचे, "क्रुसावर येशूचंही हाड मोडलं नाही. म्हणून तोच आमचं कोकरू. जगाचं पाप स्वतःवर घेऊन गेला." यावरून दोघांची रोज जुंपायची, आणि चहाही रोज एकत्रच व्हायचा.

मग दादानं बाबांच्या नकळत नासलेलं मटण एका अनाथाश्रमाला विकलं. दोन मुलं दगावली. पोलीस आले तेव्हा बाबा पुढे झाले. "मीच कापलं, मीच विकलं."

कोर्टात जप्त मटणाचे फोटो दाखवले. हाडांच्या नुसत्या ठिकऱ्या. उस्तादांनी साक्षीत सांगितलं, हा हात त्याचा नव्हे. मग वकिलानं मला विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघून, खरं सांगू नकोस अशी मान हलवली. समोर वहिनी दोन्ही पोरं मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "हो, बाबांनीच कापलं." माझी जीभ झडली नाही. पोटची पोर असं म्हणाल्यावर परक्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय?

बाहेर उस्तादांनी मला गाठलं.

"ती हाडं तुझ्या बापानं मोडली नाहीत."

"ठाऊक आहे."

"आमचं कोकरू कुणाचा गुन्हा झाकायला नव्हतं, पोरी. त्या रक्तानं लेकरं वाचली. इथे कुणाची वाचली?"



बाबांना शिक्षा झाली. तिसऱ्या वर्षी ते तुरुंगातच वारले. शेवटच्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं, "दादा सुधारला ना गं?"

"हो, बाबा." हे माझं दुसरं खोटं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे मेला भलताच. बाबांचा जीव फुकट गेला, आणि त्यात माझाही हात आहे.

दुकान आमच्या घराखालीच आहे. सकाळी सातला दादा शटर उघडतो. मग सत्तूर आपटल्याचा आवाज वर येतो, आणि हाड मोडलं की मला कळतं.