जावईबापूंचा बल्ब

त्यांना सगळे फ्यूजकाका म्हणायचे. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी नजर छताकडे. "हा बल्ब कुणी लावला? उजेडाला लावलाय की अंघोळीचं पाणी तापवायला?" असं म्हणत यजमानाच्याच स्टुलावर चढणारा पाहुणा तुम्ही पाहिला नसेल, तर फ्यूजकाकांना तुम्ही पाहिलेलं नाही. आत तार जळणारा जुना पिवळा बल्ब म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. तो काढून कचऱ्यात, त्याच्या जागी पांढरा एलईडी, आणि मग त्याला सगळ्यांदेखत हात लावून दाखवायचे, "बघा, गार! सगळी वीज उजेडात." त्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.

अशा माणसाच्या घरात एक पाणकासव होतं, पण ते त्यांचं नव्हे, काकूंचं. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी घर बदलताना देऊन गेलेलं. तेव्हा बशीएवढं होतं, आता ताटाला टेकलेलं. काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. "मुलगी नाही झाली म्हणून काय झालं? जावई आहे की! बसून खातो, शब्द बोलत नाही, आणि पाणी मात्र सासूनं बदलायचं." संध्याकाळ झाली की काकू काचेच्या टाकीजवळ स्टूल ओढून बसायच्या आणि दगडावर चढलेल्या जावईबापूंना दिवसभराचं सगळं सांगायच्या. काका पेपराआडून म्हणायचे, "झाली का सासूजावयांची बैठक सुरू?"

थंडी सुरू होऊन महिना झाला आणि काकू गेल्या. आजारी होत्याच, पण एवढ्या लवकर जातील असं कुणाला वाटलं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी काकांचा हात धरला आणि म्हणाल्या, "जावईबापूंचं नीट करा हं." काका म्हणाले, "बरं." आयुष्यात बायकोला दिलेले शब्द त्यांनी फारसे पाळले नव्हते, पण हा पाळायचा असं त्यांनी मनाशी अगदी ठरवलं.

आणि नेमके जावईबापू जेवेनात. आधी दोन-चार गोळ्या मागे राहू लागल्या, मग निम्म्या, मग सगळ्या. काकांनी सुकी कोळंबी आणली, काकडी किसली, पानं बारीक चिरली. चिमट्यात धरून तोंडासमोर हलवलं. जावईबापू डोळे अर्धे मिटून दगडाच्या कडेला पाण्यात पडून राहायचे. मान वळवायची, एवढेच कष्ट.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई डबा द्यायला आल्या होत्या. टाकीत डोकावून त्यांनी डोळ्याला पदर लावला. "काका, मुका जीव शोक करतोय हो. त्यांची आठवण काढतोय."

काकांना ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं. घरात आपल्याबरोबर आणखी कुणीतरी रडतंय म्हणून. ते काकूंची शाल पांघरून टाकीजवळ बसायला लागले. काकूंसारखा आवाज काढून म्हणायचे, "अहो जावईबापू, चार घास खाऊन घ्या." आवाज काकूंसारखा यायचा नाही, घसा बसल्यासारखा यायचा. एका दुपारी मात्र त्यांचा तोल सुटला. "मला तरी कुठे घास उतरतोय? पण मी गिळतोच ना? मोठा आलाय शोक करणारा!" जावईबापूंनी मान आत ओढली. काकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी टाकीची हात जोडून माफी मागितली.

असे तीन आठवडे गेले. मग जावईबापू हाताला हलके लागायला लागले. आता हेही गेलं तर तिला काय तोंड दाखवू? त्यांनी प्लॅस्टिकच्या टबात ओला टॉवेल घातला, वर जावईबापू ठेवले आणि प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले. डावीकडे मांजर, उजवीकडे कुत्रा, मध्ये मांडीवर टब घेतलेले काका.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कासवाला उचललं, डोळे पाहिले, पाय ओढून पाहिले.

"शोक करतंय," काका म्हणाले. "माझी बायको गेली ना."

"त्याच्या मनातलं मला नाही सांगता येणार काका. पण अंग किती गार पडलंय बघा. याला स्वतःचं अंग तापवता येत नाही. बाहेरून ऊब लागते. ती नाही मिळाली तर पोटातलं पचत नाही, मग हे खाणंच सोडतं. टाकीवर दिवा आहे?"

"आहे तर!" काका ताठ बसले. धंद्याची गोष्ट निघाली होती. "नऊ वॅटचा. मी स्वतः बसवलाय."

"तापतो का?"

"तापतो? अहो, दिवसभर चालू ठेवा आणि हात लावून बघा. गार!"

शब्द तोंडातून गेला आणि काकांनी जावईबापूंच्या पाठीला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: दगडावर ऊब देणारा बल्ब, हाडांसाठी एक वेगळी ट्यूब, पाण्याला हीटर आणि टाकीत तापमापक. चाळीस वर्षांत काकांना कुणी वायरिंग शिकवलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

घरी आल्यावर टाकीतलं कुजलेलं खाणं काढायला ते जाळी शोधू लागले. टाकीखालचा खण काकूंचा. त्यांनी तो कधी उघडला नव्हता. जाळीच्या मागे लोकरीचा एक पायमोजा होता, आत काहीतरी गोल. त्यांनी काढलं. साठ वॅटचा पिवळा बल्ब. त्यांनीच काढून कचऱ्यात टाकलेला.

काका तिथेच जमिनीवर बसले. सगळं आठवलं. थंडी नुकती सुरू झाली होती. ते स्टुलावर चढून टाकीवरचा हा बल्ब, घरातला शेवटचा पिवळा, काढत होते आणि काकू खालून म्हणत होत्या, "अहो, तो जुनाच राहू द्या ना. छान ऊब येते त्याची." यावर काका काय म्हणाले? "ऊब? दिव्यानं उजेड द्यायचा असतो. चाळीस वर्षं मी काय गवत उपटलं का? तू तुझं स्वयंपाकघर बघ." काकू हसल्या होत्या. वाद घालायच्या नाहीतच त्या.

त्यानंतर त्या टाकीजवळ बसेनाशा झाल्या. काकांनी चिडवलंही होतं, "का गं, जावयाशी बिनसलं वाटतं?" "पाठ दुखते हो," काकू म्हणाल्या होत्या, आणि पलंगावर जाऊन शाल ओढून बसल्या होत्या. स्टुलावर बसलेल्या काकू आता काकांना नीट दिसल्या. गप्पा मारताना त्यांचे दोन्ही हात दिव्याखाली धरलेले असायचे. आखडलेली बोटं उघडत, मिटत. बारा वर्षं काकांना वाटत होतं, ती कासवाशी हातवारे करून बोलते.

बल्ब चांगला होता. काकांनी तो लावला, हीटर आणला, ट्यूब बसवली. चार दिवस काही नाही. आठव्या दिवशी जावईबापू ओढत ओढत दगडावर चढले आणि पाय पसरून पडले. दहाव्या दिवशी त्यांनी कोळंबीचा एक तुकडा ओढून घेतला. काका एकटेच मोठ्यानं ओरडले, "अगं, खाल्लं!" आणि मग स्वयंपाकघराकडे बघत राहिले.

पण तो एकच बल्ब होता, आणि जुना. आज ना उद्या जाणार. दुकानात तसले कुणी ठेवत नव्हतं. मग फ्यूजकाका जुन्या गिऱ्हाइकांच्या दारांत जाऊ लागले. लोक हसायचे, "काका, आता काढायला काही उरलं नाही हो, सगळे तुम्हीच कचऱ्यात टाकलेत."

"माळ्यावर, अडगळीत कुठे एखादा असेल तर बघा," काका म्हणायचे. "घरी एकाला थंडी वाजते."

खरं तर दोघांना वाजत होती. पण एकीनं तोंडानं सांगितलं होतं, तेव्हा ते स्टुलावर चढलेले होते.